साधं बाइंडिंग

नाही, मला एक सांगा, तुम्ही सगळी शिकलीसवरलेली माणसं आहात... 'साधं' या शब्दात न कळण्यासारखं काय आहे हो? साधा चहा मागितला तर चहावाला विचारतो का, साधा म्हणजे कोणता? साधी दाढी म्हटलं तर न्हावी वस्तरा खाली ठेवून तोंडाकडे बघत बसतो का? नाही ना? मग मी दुकानात जाऊन म्हणालो, "हे कागद आहेत, यांचं साधं बाइंडिंग करून द्या," तर मी काय दुकान नावावर करून मागितलं? तुम्हाला सांगतो, साधं बाइंडिंग करायचं होतं हो... साधं! आणि आज तिसरा आठवडा आहे, माझ्या नखांतली खळ अजून निघालेली नाही. हे बघा. वास घेऊन बघा. नको? बरं, नको तर नको.

कागद बाबांचे. आमचे बाबा पाणीपुरवठा खात्यात होते. होते म्हणजे साहेब वगैरे नव्हेत, झडपेवर होते. पहाटे झडप उघडायची, शहराला पाणी सोडायचं, दहाला बंद करायची. संध्याकाळी पुन्हा तेच. पस्तीस वर्षं! आता तुम्ही म्हणाल, यात आत्मचरित्र लिहिण्यासारखं काय आहे? मीही तेच म्हणत होतो, मनात. पण बाबा निवृत्त झाले, चौदा-पंधरा वर्षं खिडकीत बसून समोरच्या इमारतीची टाकी वाहते का बघितली, आणि एक दिवस फुलस्केप कागदांचं बंडल आणून लिहायलाच बसले. चारशे बारा पानं! नाव काय, तर 'झडप आणि मी'. 'मी' नंतर, आधी झडप. माणूस नम्र.

आणि लिहिणं कसं? प्रत्येक पानाचा तिसरा हिस्सा मोकळा. कोरा समास! मी एकदा म्हटलं, "बाबा, कागद किती वाया घालवताय," तर म्हणाले, "खात्यात असंच लिहितात. समास शेऱ्यासाठी असतो. शेरा आल्याशिवाय कागद पुरा होत नाही." आता पस्तीस वर्षं ह्या माणसाने जो जो कागद लिहिला, 'झडपेचं चाक झिजलं आहे, बदलून मिळावं', त्याच्या समासात वरच्या साहेबाने शेरा मारला, 'तूर्त तेलावर भागवावे'. सवय लागली हो! पण निवृत्तीनंतर कोण वरचा साहेब? कोण शेरा मारणार? तरी समास सोडायचाच. म्हटलं, सोडा.

आता तुमच्यापैकी कुणीतरी विचारणार, "तू वाचलंस का ते?" हे बघा, विषय बाइंडिंगचा चाललाय.

तर रविवारी बाबांना ऐंशी पूर्ण होणार. आणि ह्या माणसाने जन्मात माझ्याकडे काही मागितलेलं नाही, शर्टसुद्धा मी आणला तर म्हणायचे, 'कशाला, आहे की'. तेच बाबा सोमवारी माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले, हातात लाल फितीने बांधलेला हा एवढा गठ्ठा, आणि म्हणाले, "रविवारपर्यंत बांधून मिळेल का रे? पुस्तकासारखं. जुने झडपवाले येणार आहेत, त्यांच्या हातात द्यावं म्हणतो." मी म्हटलं, "मिळेल की! त्यात काय!" तर दोन पावलं गेले आणि परत फिरले, "आहे तसं हं. काही कमीजास्त नको." मी म्हटलं, "बाबा, साधं बाइंडिंग तर करायचंय!"

काय अवदसा आठवली आणि तो शब्द तोंडातून गेला!

पहिलं दुकान आमच्या ऑफिसखालचं. मी विमा कंपनीत आहे, दाव्यांच्या टेबलावर. खाली झेरॉक्सचं दुकान, त्यात एक मुलगी, कानात बोंडं घालून, एका हाताने झेरॉक्स काढतेय, दुसऱ्या हाताने पैसे घेतेय, बोलतेय तिसऱ्याशीच. म्हटलं, "साधं बाइंडिंग करायचंय." तिने गठ्ठ्याकडे बघितलंच नाही. "साधं म्हणजे कोणतं? स्पायरल, वायर, कोंब, थर्मल, टेप?" अहो, मला वाटलं तिकडे कानातल्या माणसाला सांगतेय! म्हटलं, "यातलं साधं कोणतं?" "सगळीच साधी आहेत." "मग फरक काय?" "रेटचा." हे बरंय! स्पायरल चाळीस, वायर साठ, थर्मल ऐंशी, वरचं प्लॅस्टिक पारदर्शक हवं तर वेगळे, दुधी हवं तर वेगळे, मागचा पुठ्ठा काळा दहा, निळा बारा. निळ्याला दोन जास्त का? "तो निळा आहे ना." झालं समाधान? मग तिने पहिल्यांदा गठ्ठा बघितला, कानातलं एक बोंड काढलं, "एवढं जाड? एवढी स्प्रिंग नाही येत. दोन भाग करा." म्हटलं, "ऐंशी वर्षांच्या माणसाचे दोन भाग कसे करू?" तर म्हणते, "चाळिसावर करा." बोंड पुन्हा कानात!

तेवढ्यात ताईचा फोन. कुठे आहेस विचारलं, मी सांगून बसलो. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, राहते लांब, विमानाने यायचं एवढी लांब, आणि जेवढी लांब राहते तेवढं तिचं ह्या घरात लक्ष जास्त. "अरे, स्पायरल करतोयस? बाबांच्या पुस्तकाचं? शाळेतला प्रकल्प आहे का तो? चांगलं पक्कं कर, रेक्झिनचं, आणि पाठीवर सोनेरी अक्षरं हवीत हं, मी पैसे पाठवते." पाठवते! गेल्या वेळी पाठवते म्हणाली होती तेव्हा बाबा कामावर होते. आणि वर विचारते कशी, "तू वाचलंस ना सगळं? शुद्धलेखन वगैरे बघितलंस ना?" म्हटलं, "ताई, रेंज जातेय." तिने वाचलंय का? नाही! तिला तीनदा फोटो काढून पाठवले होते बाबांनी, प्रत्येक वेळी तिचं उत्तर काय? जोडलेले हात आणि फूल.

मग कुणीतरी सांगितलं, पक्कं बाइंडिंग हवं तर खळमामाकडे जा. आता ह्या माणसाचं खरं नाव कुणालाच माहीत नाही. कोर्टातले दप्तरी, शाळांचे कारकून, वाचनालयवाले, सगळे खळमामाच म्हणतात, कारण पिठाची खळ शिजवून तिनेच कागद चिकटवणारा हा शेवटचा माणूस. जिन्याखाली खोली. आत शिरायचं तर मान वाकवून, आणि तुम्हाला सांगतो, बाहेर येईपर्यंत ती वाकलेलीच. एका कोपऱ्यात खळीचा डबा, एका कोपऱ्यात पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा, मधोमध कापायचं यंत्र, त्याचं पातं हे एवढं, माझ्या हाताएवढं लांब, आणि भिंतीला टेकून सगळ्या शहराची पुस्तकं, पाठी उसवलेली, दवाखान्यातल्या पेशंटसारखी ओळीने बसलेली.

म्हटलं, "मामा, साधं बाइंडिंग करायचंय." खळमामांनी सुई खाली ठेवली. चष्मा कपाळावर घेतला. माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी दारात कुत्रं बांधून आलोय. आणि शांतपणे... "साधं म्हणजे कोणतं?"

मी कपाळावर हात मारला!

"अहो, पुस्तकासारखं! वडिलांचं आहे!" "पुस्तक कसलं? रोज उघडायचं की कपाटात ठेवायचं? वाचणार किती जण?" आता हा प्रश्न आहे का बाइंडरने विचारायचा? म्हटलं, "घरचंच आहे." "घरचं म्हणजे कुणीच वाचणार नाही." बोला! आणि मग त्यांनी जे सुरू केलं... "चिकटवून देतो, स्वस्तात होईल, पण चारशे पानं आहेत, तिसऱ्यांदा उघडलंत की मधूनच दोन तुकडे. बाजूने टाचून देतो, पण मग पूर्ण उघडणार नाही, हाताने धरून बसावं लागेल, म्हातारा माणूस आहे, मनगट दुखेल. जुजबंदी करावी म्हणाल तर त्याला जोडपानं लागतात, घडी घालून शिवायची, तुमचे सुटे कागद. तेव्हा सुट्या कागदांचे छोटे गठ्ठे करून एकेक काठाने शिवायचा, मग सगळे एकमेकांना शिवायचे, पाठीला कापड, वर पुठ्ठा, त्यावर रेक्झिन. साडेतीनशे. अक्षरं वेगळी." "वेगळी म्हणजे?" "सोनेरी अक्षर दहाला एक." "काना-मात्रा धरून?" "काना फुकट. वेलांटीचे पाच." तुम्हाला सांगतो, मी तिथे उभ्याउभ्या बोटांवर बाबांच्या नावातल्या वेलांट्या मोजत होतो! तीन निघाल्या. आयुष्यात पहिल्यांदा मला आजोबांचा राग आला, साधं नाव ठेवता येत नव्हतं मुलाचं?

बरं, म्हटलं, करा ते पक्कं. तर म्हणाले, "एकदा शिवलं की शंभर वर्षं सुटत नाही हं. नीट बघून घेतलंत ना सगळं? पानं क्रमाने आहेत ना? काही राहिलंय? काही काढायचंय?" मी घड्याळ बघितलं, जेवणाची सुट्टी संपत आलेली, म्हटलं, "हो हो, सगळं बघितलंय." फीत सोडली नव्हती हो मी! लाल फीत जशी बाबांनी बांधली होती तशीच. चेहरा मात्र असा केला, जसं काही चारशे बाराच्या चारशे बारा पानं पाठ आहेत.

शुक्रवारी दुपारी मी मॅनेजरच्या केबिनमध्ये. समोर एक दावा, त्यात नवीन माणसाने सगळे आकडे पेन्सिलीने भरलेले, आणि मॅनेजर माझ्यावर खेकसतोय, "पेन्सिलीचं म्हणजे कच्चं! पेन्सिलीच्या आकड्याला आपल्याकडे किंमत नाही, हे वीस वर्षांत कळलं नाही तुम्हाला?" आणि तेवढ्यात फोन. खळमामा. इतका हळू बोलणारा माणूस दुसरा नसेल. "काय आहे... समास फार मोठा सोडलाय. तिसरा हिस्सा. पुस्तक धरायला अवघड होणार. कापून बेताचं करता येईल... दिसेलही छान." म्हटलं, "मग कापा की, मामा!" "कापलं असतं, पण समासात काहीतरी लिहिलंय. बारीक. पेन्सिलीने." समोर मॅनेजर डोळे वटारून बसलेला, त्याचं 'पेन्सिलीचं म्हणजे कच्चं' अजून कानात घुमतंय, आणि मी काय म्हणावं? मी म्हणालो, "पेन्सिलीचं म्हणजे कच्चंच असणार. कापा!" मग, "एकदा येऊन बघता का?" "मामा, कापा हो! रविवारी हवंय!"

असा मी. दाव्याच्या कागदावर कुणाची सही अर्धी राहिली तर तीन महिने परत पाठवणारा मी!

रविवार. घर भरलेलं. बाबांच्या बरोबरचे चार झडपवाले, चौघांच्या हाताला चाक फिरवून फिरवून एकाच जागी घट्टे. ताई फोनवर, भिंतीला टेकवून ठेवलेली. आई नेहमीसारखी कोपऱ्यातल्या खुर्चीत, सगळ्यांच्या मागे. आणि मी कागदात गुंडाळलेलं पुस्तक आणलं. लालभडक रेक्झिन, सोनेरी अक्षरं, तिन्ही वेलांट्या लखलखतायत, कडा अशा सरळ की बोट कापेल. टाळ्या! ताई तिकडून ओरडतेय, "बघा, मी म्हटलं होतं ना सोनेरी!" बाबांनी पुस्तक मांडीवर घेतलं, हात फिरवला. मला म्हणाले, "सुंदर केलंस रे." मी फुगलो. खोटं कशाला सांगू, फुगलो.

मग त्यांनी उघडलं. आणि वाचलं नाही. बोट ठेवलं ते कडेला. पान उलटलं, पुन्हा कडेला. आणखी एक. मग भराभरा दहा-वीस पानं. बाबांचा चेहरा उतरत गेला. वर बघितलं, माझ्याकडे नाही, आईकडे. आणि मग मला विचारलं, एकदम हळू...

"शेरे कुठे आहेत?"

"कसले शेरे बाबा?"

झडपवाले आपापल्या हातांकडे बघायला लागले. ताई भिंतीवरून, "काय झालं? आवाज येत नाहीये." आणि आई, जी कधी चारचौघांत बोलत नाही, ती खुर्चीतून म्हणाली, "जाऊ दे. पेन्सिलीचंच तर होतं."

तुम्हाला सांगतो, तेव्हा कळलं मला. बाबा आठवड्याला एक-दोन पानं लिहायचे आणि जेवणाच्या टेबलावर ठेवून फिरायला जायचे. आई भाजी निवडायला बसायची, शब्दकोड्याची पेन्सिल घ्यायची आणि ती पानं वाचून समासात शेरा मारायची! वरचा साहेब! बाबा परत आले की शेरा वाचायचे, एखादी ओळ खोडायचे, एखादी तशीच ठेवायचे, पानं फाइलला लावायचे. सहा वर्षं! आणि दोघं त्यावर एका शब्दाने कधी बोलली नाहीत. आम्ही सगळे त्याच घरात, त्याच टेबलावर जेवत होतो हो! आख्ख्या घरात ते पुस्तक एकाच माणसाने वाचलं होतं, आणि तिचं सगळं वाचन मी कापून टाकलं. सरळ कडा हव्या होत्या मला.

पाहुणे गेले. बाबा काही रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. पुस्तक टेबलावर ठेवलं, त्यावर रुमाल घातला आणि म्हणाले, "शेऱ्याशिवाय कागद पुरा होत नाही रे." बस. एवढंच. साधं बाइंडिंग करायचं होतं हो... साधं!

सोमवारी ऑफिसला दांडी मारून सकाळी आठला मी जिन्याखाली. वाटेत रद्दीवाल्याचा टेम्पो त्याच गल्लीतून बाहेर पडताना दिसला आणि माझं धाबं दणाणलं. "मामा! कापलेल्या पट्ट्या... गेल्या?" खळमामांनी सुई खाली ठेवली. चष्मा कपाळावर घेतला. मला वाटलं, आता हे विचारणार, 'पट्ट्या म्हणजे कोणत्या?' पण नाही. उठले, शिकंज्यामागून एक पुडकं काढलं, सुतळीने बांधलेलं. "लिहिलेला कागद आम्ही रद्दीत देत नाही. तुम्ही याल असं वाटलं होतं. पुस्तक न्यायला आलात तेव्हाच विचाराल असं वाटलं होतं." मी त्यांचे पायच धरणार होतो, पण खोली एवढी बुटकी की वाकायला जागा नाही. वाकलेलाच होतो. "फक्त नऊ पट्ट्या कमी आहेत," म्हणाले. "नऊ कुठे गेल्या?" "एका वकिलाच्या पुस्तकाच्या पाठीत अस्तराला लावल्या. मग एक वाचलं, 'हे असं नव्हतं', मग थांबलो." म्हणजे त्या वकिलाच्या कायद्याच्या पुस्तकाच्या पाठीत आईचं 'हे असं नव्हतं' चिकटलेलं आहे! कायमचं! असो, तिथे शोभतही असेल.

म्हटलं, "आता हे परत जोडून द्या." तर मामा म्हणाले, "जोडायचं तुम्ही. कुठली पट्टी कुठल्या पानाची, मला काय ठाऊक? गठ्ठ्यागठ्ठ्याने कापलं, खाली पडलं, झाडलं." "आणि पुस्तक? तुम्ही म्हणालात शंभर वर्षं सुटत नाही." "सुटत नाही म्हणालो. उसवता येत नाही असं कुठे म्हणालो?" आणि पातं घेऊन दहा मिनिटांत शंभर वर्षं उसवली. त्याचे वेगळे. पट्ट्या जोडल्या की कडेला जाडी वाढणार, मग पुस्तक फुगू नये म्हणून पाठीलाही तेवढ्याच कोऱ्या पट्ट्या घालायच्या, त्याचे वेगळे. रेक्झिन नवीन, पाठ रुंद झाली ना! अक्षरं पुन्हा. वेलांट्या पुन्हा. मी म्हटलं, "मामा, वेलांट्या तरी जुन्या काढून लावता येणार नाहीत का?" त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. उत्तर त्यातच आलं. घरी न्यायला एक डबा खळ मात्र फुकट दिली.

आणि मग तुम्हाला सांगतो, आठ दिवस आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवण नाही! एका बाजूला बाबांची पानं, एका बाजूला आईच्या पट्ट्या, मधे मी ब्रश घेऊन. आम्ही जेवलो कुठे? ओट्यापाशी, उभ्याने. कापताना अर्ध्या शब्दावर कापलं गेलं असतं तर जुळवणं सोपं गेलं असतं, पण नाही, मामांचा हात पक्का, रेष अशी मारलीय की इकडचं अक्षर इकडे, तिकडचं तिकडे. आठवूनच जुळवायचं! आणि आठवणार कोण? ती दोघं. सहा वर्षं त्यावर न बोललेली ती दोघं आता दिवसभर त्यावरच बोलतायत! आई पट्टी उचलून वाचते, "'मला विचारलं होतं का?' हे कुठलं हो?" बाबा, "बदली नाकारली तिथलं." "नाही. बदलीला मी 'बरं केलं' लिहिलं होतं." "'बरं केलं' सायकल विकली तिथे." "सायकल विकली तिथे मी बरं केलं म्हणेन? लग्नातली सायकल!" "मग सायकलीला काय होतं?" "सायकलीला काही नव्हतं. नुसता ठिपका होता. पेन्सिल टेकवली होती, पुढे लिहवलं नाही." मी ठिपका शोधतोय! चारशे पट्ट्यांत एक ठिपका! सापडला, दुसऱ्या दिवशी, माझ्या सदऱ्याला चिकटलेला.

आणि पान शोधायचं म्हणजे मला वाचावं लागलं. झालं. वाचलं मी. आता तुम्ही विचारलंत तरी चालेल. पान एकशे साठ. मोठी वाहिनी फुटली होती तेव्हाचं. बाबांनी लिहिलंय, 'दोन दिवस कामावरून हललो नाही. मी कुठे आहे हे कुणाला ठाऊकही नव्हते.' आणि त्याची पट्टी, आईचं बारीक अक्षर, 'मला ठाऊक होतं. डबा पाठवला होता. तो भरलेला परत आला, म्हणून मीही जेवले नाही.' मी ती चिकटवली. पट्टी तिरकी बसली. बाबा म्हणाले, "राहू दे तिरकी." आणि उठून आतल्या खोलीत गेले. आईने उगाचच पट्ट्यांचा गठ्ठा दोनदा टेबलावर आपटून सरळ केला. मला रडू आलं हो. चिकटवण्याच्या कामात रडून चालत नाही, खळ पातळ होते.

पण सगळंच असं नव्हतं! आईचा आवडता शेरा सांगू? 'खोटं.' नुसतं एवढंच. पूर्णविरामासकट. असे सतरा 'खोटं' निघाले! सतराही सारखे, एका अक्षराचा फरक नाही, आता कुठलं 'खोटं' कुठल्या पानाचं? पण दोघांना बरोबर आठवत होतं! 'साहेबांना मी तोंडावर सुनावले', खोटं. 'मला कधी मोहाने शिवले नाही', खोटं. 'स्वयंपाकात मी नेहमी मदत करीत असे', त्याला दोन होते, शेजारीशेजारी. असे करत करत सोळा लागले. बाबा स्वतःच कबूल करायचे, "हं, हे इथलं," आणि आई हसायची. चाळीस वर्षांत आईला असं हसताना बघितलं नव्हतं मी.

उरलं एक. सतरावं. सगळी पानं झाली, सगळ्या पट्ट्या लागल्या, ज्यांचे शेरे वकिलाकडे गेले त्या नऊ पानांना आईने नवीन लिहून दिले, बिनशेऱ्याच्या पानांना मी नव्या कोऱ्या पट्ट्या लावल्या, आणि टेबलावर एक 'खोटं' शिल्लक. कुठलं? आईला आठवेना. बाबांना आठवेना. दोनदा सगळं चाळून झालं. मी म्हटलं, "जाऊ दे ना, एवढ्या-तेवढ्याने काय होतंय, टाकून देऊ." म्हणालो खरं! आणि म्हणतानाच कळलं, म्हणायला नको होतं.

बाबांनी आईकडे बघितलं. आईने बाबांकडे बघितलं. मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. आणि बाबांनी गठ्ठ्यातून एक पान काढलं. तीनशे अठ्ठ्याऐंशी. मी म्हटलं, "बाबा, त्या पानाला तर पट्टी लागलीय, कोरी आहे." बाबा वाचायला लागले, अगदी खणखणीत आवाजात, 'माझा मुलगा लहानपणापासून जबाबदार. त्याच्यावर सोपवलेले काम तो पूर्ण लक्ष घालून, आहे तसे, चोख करतो.'

मी आईला म्हटलं, "आई, त्या पानाला तू काही लिहिलं नव्हतंस. समास कोरा आहे. बघ!"

आई म्हणाली, "हो. तेव्हा पटलं होतं मला."

बाबांनी कोरी पट्टी सोलून काढली, माझ्या हातातला ब्रश घेतला, स्वतःच्या हाताने खळ लावली, सतरावं 'खोटं' त्या पानाला चिकटवलं आणि वरून अंगठा फिरवला, अगदी सावकाश, झडप बंद करतात तसा.

काल शिवून आलंय पुस्तक. साधं नाही. पक्कं. शंभर वर्षं सुटत नाही म्हणे... आणि खळमामांनी सांगितलंय, पुन्हा उसवायला मी आलो तर दारातूनच परत पाठवणार.